नेटवर्किंगमध्ये शाखा कोणती घ्यावी? खान्देशातल्या नव्या मुलामुलींसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबार भागातून नेटवर्किंगकडे वळलेली मुलं-मुली भेटतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. “दादा, सिक्युरिटी घेऊ की क्लाउड?” कोणी डिप्लोमा केलेला असतो, कोणी बीसीए, कोणी आयटीआय. क्लासची फी भरायची आहे, घरात कपाशीचे किंवा केळीचे पैसे आलेत तोवर निर्णय घ्यायचा आहे, आणि जाहिरातीत तर प्रत्येक शाखेला सगळ्यात जास्त मागणी आहे.

माझं उत्तर असं आहे की आज दोन्हीतलं काहीच घेऊ नका. आधी पाया पक्का करा. मग तुमच्या गावात, तालुक्यात, एमआयडीसीत नेटवर्कचं जे काम आत्ता चालू आहे ते जवळून बघा. जवळपास प्रत्येक शाखेचं एक टोक खान्देशातच कुठेतरी हाताला लागतं. ज्या कामातला बिघाड शोधताना तुम्हाला वेळेचं भान राहत नाही, ती तुमची शाखा. हे कसं ओळखायचं, ते पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी: पाया, आणि तो पक्का झाला का याची तपासणी

२०२० च्या आधी सिस्को या राउटर-स्विच बनवणाऱ्या कंपनीच्या सीसीएनए या सुरुवातीच्या परीक्षेतच फाटे होते. राउटिंग-स्विचिंग वेगळं, सिक्युरिटी वेगळं, वायरलेस वेगळं, डेटा सेंटर वेगळं. २४ फेब्रुवारी २०२० पासून सिस्कोने ते सगळे गुंडाळून एकच सीसीएनए ठेवली, २००-३०१ क्रमांकाची. त्यात स्विचिंग, राउटिंग, वाय-फाय, सिक्युरिटीची तोंडओळख आणि थोडं ऑटोमेशन, सगळं एकत्र आहे. सुरुवातीच्या माणसाला हे सगळंच लागतं, म्हणून मला तो निर्णय बरोबर वाटतो. फायरवॉलवर बसलेल्या माणसाला व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्कं, कळत नसेल, तर तो नियम लिहील पण ट्रॅफिक तिथे पोचतच का नाही हे त्याला सांगता येणार नाही.

पाया पक्का झाला का, हे क्लासच्या सर्टिफिकेटवरून ठरवू नका. स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला: १९२.१६८.१०.७०/२६ हा पत्ता कोणत्या नेटवर्कमधला? कॅल्क्युलेटर न उघडता सांगता आलं पाहिजे. /२६ म्हणजे ६४-६४ चे गट: ०, ६४, १२८, १९२. सत्तर हा ६४ च्या गटात बसतो. म्हणजे नेटवर्क .६४, ब्रॉडकास्ट .१२७, आणि मशीनना देता येतील असे पत्ते .६५ ते .१२६. हे अर्ध्या मिनिटात जमत नसेल तर अजून सराव हवा, एवढंच. यात हुशारीचा काही संबंध नाही, वहीवर रोज दहा गणितं केली की हात बसतो.

दुसरा: एखाद्या कॉम्प्युटरला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला आहे. काय झालं असेल? डीएचसीपीकडून (आपोआप पत्ते वाटणारी सेवा) पत्ता आलाच नाही, म्हणून मशीनने स्वतःच स्वतःला एक पत्ता घेतला. आता पुढे कुठे बघायचं? केबल, स्विचचा पोर्ट, पोर्टचा व्हीलॅन, डीएचसीपीची पूल (वाटायचे पत्ते) संपली का, सर्व्हर दुसऱ्या नेटवर्कमध्ये असेल तर मधल्या राउटरवर विनंती पुढे पोचवणारा रिले लावलाय का. हा क्रम तोंडात बसला पाहिजे.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, त्यासाठी वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरून जाणारी पाकिटं उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर, उतरवून घ्या. ते मोफत आहे. कॅप्चर सुरू करा, ब्राउझरमध्ये एखादी साइट उघडा आणि थांबवा. आता बघा: आधी एआरपी, म्हणजे तुमचं मशीन गेटवेचा मॅक पत्ता विचारतंय (तो आधीच माहीत असेल तर हा टप्पा दिसणार नाही). मग डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधण्याची, विचारणा आणि उत्तर. मग जोडणी जुळवणारी टीसीपीची तीन पावलं: सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक. मग टीएलएसचा, म्हणजे संवाद सांकेतिक करणाऱ्या प्रोटोकॉलचा, ‘क्लायंट हॅलो’ आणि ‘सर्व्हर हॅलो’. त्यानंतरचं जवळपास सगळं कुलूपबंद. पडद्यावरची प्रत्येक ओळ कोणी कोणाला पाठवली आणि का पाठवली, हे शेजारच्या मित्राला मराठीत समजावून सांगता आलं, तर तुमचा पाया झाला. मला विचाराल तर शाखा कोणतीही घ्या, नेटवर्क इंजिनीअरची खरी ओळख या खिडकीसमोर होते.

साधनांना खर्च नाही. पॅकेट ट्रेसर (कॉम्प्युटरवरच नेटवर्क उभं करून सराव करायचं साधन) सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवलं की मोफत मिळतो आणि ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवरही चालतो. सीसीएनए परीक्षेची फी मात्र ३०० डॉलर आणि वर कर, त्यामुळे ती घाईने देऊ नका. परीक्षा १२० मिनिटांची, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. घरी बसून ऑनलाइनही देता येते, पण आपल्याकडे भर दुपारी लाइट गेली तर फी पाण्यात जायची. पुण्यासारख्या शहरातल्या केंद्रावर जाऊन दिलेली बरी.

दुसरी पायरी: आजूबाजूचं काम बघा, त्यातच शाखा दडलेल्या आहेत

ही पायरी बहुतेक जण वगळतात, म्हणून तिच्यावर जास्त लिहितो.

सुरुवात गावातल्या इंटरनेटवाल्यापासून करू. भुसावळ असो, चोपडा असो की शहादा, केबलवाल्याने किंवा एखाद्या शेठने फायबरचा धंदा टाकलेला असतोच. त्यांच्याकडे चार-सहा महिने कामाला लागलात तर काय दिसेल? सकाळी फोन येतो, “भाऊ, नेट बंद शे.” घरी जाऊन बघता तर डब्यावर लाल लाइट लुकलुकतोय. फायबर काढून पॉवर मीटरला लावता. इथे आकडे समजले पाहिजेत. शेठच्या ऑफिसातल्या ओएलटीमधून, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडणाऱ्या यंत्रातून, प्रकाश निघताना साधारण अधिक ४ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) असतो. वाटेत एका फायबरचे आठ फाटे करणारे दोन स्प्लिटर एकामागे एक आले, म्हणजे एका पोर्टवर ६४ घरं. एका स्प्लिटरला साधारण साडेदहा डीबी जातात, दोघांचे मिळून २१. चार किलोमीटर फायबरचा एखादा डीबी, जोड आणि कनेक्टर यांचे दीड. हिशेब केला तर घरात उणे २० च्या आसपास यायला हवं. मीटर उणे २९ दाखवतोय. घरातल्या डब्याची ऐकण्याची मर्यादा साधारण उणे २७. म्हणजे वाटेत नऊ डीबी कुठेतरी सांडले: खांबावर फायबर वाकलीय, कनेक्टर मळलाय, किंवा स्प्लाइस (फायबरचा जोड) नीट बसलेला नाही. शेजारच्या घरचं रीडिंग घेतलं की स्प्लिटरच्या अलीकडे बिघाड आहे की पलीकडे, तेही कळतं.

हे काम करताना दोन प्रकारची मुलं दिसतात. एकाला घर चालू झालं की समाधान मिळतं, आणि त्यात कमी काही नाही. चांगला फायबर टेक्निशियन होणं हे सन्मानाचं काम आहे. दुसऱ्याच्या डोक्यात प्रश्न येतो की ओएलटीच्या मागे काय आहे. मागे मायक्रोटिक कंपनीचा किंवा तसाच राउटर असतो, त्यावर पीपीपीओईची, म्हणजे ग्राहकाला लॉगिन करून घेणारी, जोडणी, ग्राहकाचं नाव-पासवर्ड तपासणारा रेडियस सर्व्हर, हजार घरांना मोजक्या सार्वजनिक पत्त्यांतून बाहेर काढणारं सीजीनॅट, त्याच्या मागे मोठ्या कंपनीकडून घेतलेली लाइन आणि तिच्यावर बीजीपी, म्हणजे एका नेटवर्कने दुसऱ्याला आपल्याकडचे मार्ग सांगायची पद्धत. हा प्रश्न तुम्हाला पडत असेल तर तुमची वाट ‘सर्व्हिस प्रोव्हायडर’, म्हणजे इंटरनेट पुरवठादारांच्या, शाखेकडे जाते. तिथले विषय: ओएसपीएफ, आयएस-आयएस, बीजीपी, एमपीएलएस, सेगमेंट राउटिंग आणि आयपीव्ही६. बीजीपीचं वजन किती असतं ते ४ ऑक्टोबर २०२१ ला सगळ्या जगाने पाहिलं. फेसबुकच्या पाठीच्या कण्यावर देखभालीचा एक चुकीचा आदेश गेला, त्यांच्या डीएनएस सर्व्हरचे मार्ग बीजीपीतून मागे घेतले गेले, आणि फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद राहिले.

आता दुसरीकडे वळू. सहकारी बँका, पतसंस्था, शाळा, कॉलेजं आपल्याकडे कमी नाहीत. एखाद्या बँकेच्या पंधरा शाखा, मुख्य कार्यालय जळगावात, शाखा पारोळा, एरंडोल, यावल, रावेर अशा पसरलेल्या. प्रत्येक शाखेत एक फायबर लाइन आणि ती तुटली तर ४जी सिम. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने फायबर तोडली की काउंटरवरचं काम थांबता कामा नये. लाइन आपोआप सिमवर जाते का, व्हीपीएन (मुख्य कार्यालयापर्यंतचा सुरक्षित दुवा) पुन्हा जोडला जातो का, हे ज्याने लावून तपासलंय त्याने ‘एंटरप्राइझ’, म्हणजे संस्था-कंपन्यांच्या नेटवर्कच्या, शाखेचं मुख्य काम केलं आहे. मोठ्या कंपन्यांत यालाच एसडी-वॅन म्हणून विकतात, मूळ गरज तीच.

याच बँकांमधून सिक्युरिटीची वाटही निघते. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट २०१८ मध्ये आणली आणि २०१९ च्या शेवटी ती बँकेच्या व्यवहारांप्रमाणे स्तर पाडून वाढवली. त्यात भर म्हणजे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश: सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आणि लॉग (यंत्रांच्या नोंदी) १८० दिवस जपायचे. म्हणजे छोट्या बँकेलाही आता फायरवॉल लावून मोकळं होता येत नाही. तिचे लॉग कुठे जातात, सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळलेली आहेत का, कोणाला कुठवर प्रवेश आहे, हे बघणारं माणूस लागतं. ‘सिक्युरिटी घेऊ का’ विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो की हॅकिंगचे व्हिडिओ बाजूला ठेवा आणि एका फायरवॉलचे चाळीस नियम वाचून, त्यातले कोणते कधीच वापरले जात नाहीत ते शोधून दाखवा. हे काम कंटाळवाणं वाटलं तर सिक्युरिटीतला बराचसा दिवस तुम्हाला कंटाळवाणाच वाटेल. सॉकमध्ये, म्हणजे चोवीस तास इशारे तपासणाऱ्या केंद्रात, रात्रपाळी असते, हेही आधीच माहीत असू द्या.

सीसीटीव्हीच्या कामाला पुष्कळ जण कमी लेखतात. मला ते शिकायची उत्तम जागा वाटते, कारण तिथे चूक लगेच दिसते. नेहमीची तक्रार बघा: “कॅमेरा दिवसा चालतो, रात्री बंद-चालू होतो.” रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, तो जास्त वीज ओढतो. केबल जर स्वस्तातली, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असेल, तर तिचा रोध जास्त, लांबीत व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा पुन्हा सुरू होत राहतो. त्यात कोणी ११५ मीटर खेचलेली असते, मर्यादा १०० ची. केबलचं टोक चाकूने खरवडून बघा, आत पांढरट चमक दिसली की कळतं. दुसरी तक्रार: चित्र अडकतं. प्रत्येक कॅमेरा ४ एमबीपीएस, असे ३२ कॅमेरे म्हणजे १२८, आणि ते सगळे १०० एमबीपीएसच्या एका पोर्टमधून रेकॉर्डरकडे चाललेत. दोष कॅमेऱ्यात नाही, गणितात आहे. तिसरी गोष्ट तक्रार म्हणून येत नाही, पण तुम्हाला दिसली पाहिजे: सगळ्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच आहे, आणि कॅमेरे हिशेबाच्या कॉम्प्युटरांच्याच नेटवर्कमध्ये आहेत. २०१६ मध्ये ‘मिराई’ या मालवेअरने जगभरचे असेच कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन मोठमोठ्या सेवा पाडल्या होत्या. तुम्ही स्वतःहून कॅमेऱ्यांचा वेगळा व्हीलॅन करून द्या. ग्राहक मागणार नाही, तरी करून द्या.

कारखान्यांची शाखा माझ्या मते खान्देशातल्या मुलांनी सगळ्यात जास्त दुर्लक्षित ठेवली आहे. जळगावच्या एमआयडीसीत पाइप, चटई, डाळ मिल; शिरपूरला कापडाचे कारखाने; भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र; साक्रीकडे सौर प्रकल्प आणि पवनचक्क्या. या सगळ्या ठिकाणी यंत्रं चालवणारे पीएलसी आणि त्यांच्यावर नजर ठेवणारी स्काडा यंत्रणा नेटवर्कवर बोलत असतात. इथले नियम ऑफिसपेक्षा वेगळे. मॉडबस टीसीपी हा जुना आणि सगळीकडे असलेला प्रोटोकॉल, पोर्ट ५०२ वर चालतो आणि मूळ रूपात पासवर्डच विचारत नाही. जो जोडला गेला तो आदेश देऊ शकतो. ऑफिसात आपण बिनधास्त स्कॅन चालवतो, तेच इथे चालवलं तर एखादा जुना पीएलसी गप्प होऊन लाइन थांबू शकते. दुरुस्त्या शटडाउनच्या दिवशीच करायच्या. २०१० मध्ये उघड झालेल्या स्टक्सनेट या मालवेअरने इराणच्या युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूज बिघडवल्या, तेव्हापासून या क्षेत्राच्या सुरक्षेकडे जग गांभीर्याने बघू लागलं, आणि आयईसी ६२४४३ ही मानकांची मालिका आज त्यासाठी वापरली जाते. इलेक्ट्रिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केलेल्यांना तर मी आग्रहाने सांगेन, तुमचं अर्धं शिक्षण आधीच झालेलं आहे. पीएलसी समजणारे नेटवर्कचे लोक आणि नेटवर्क समजणारे पीएलसीचे लोक दोन्ही दुर्मीळ आहेत.

वायरलेसचं थोडक्यात. धडगाव-अक्कलकुवा भागात, सातपुड्याच्या डोंगरात फायबर नेणं कठीण पडतं तिथे ५ गिगाहर्ट्‌झचे समोरासमोरचे दुवे टाकतात. समोरचा टॉवर डोळ्यांना दिसतो म्हणून सिग्नल मिळेलच असं नाही. दोघांच्या मधल्या रेषेभोवतीची जागाही मोकळी लागते, आणि पावसाळ्यात झाडं भरली की उन्हाळ्यात लावलेला दुवा खालावतो. घरातल्या-गोदामातल्या वाय-फायचंही शास्त्र आहे. सावदा-रावेरकडच्या केळीच्या रायपनिंग चेंबरच्या भिंती पत्र्याच्या पॅनलच्या असतात, बाहेरचा अ‍ॅक्सेस पॉइंट आत पोचत नाही. ज्याला भिंत, छप्पर, उंची बघत हिंडायला आवडतं, त्याने ही शाखा जरूर तपासावी.

क्लाउड आणि डेटा सेंटर मात्र आपल्या गल्लीत सापडत नाहीत. ती कामं पुणे, नवी मुंबई, हैदराबादकडे आहेत. एडब्ल्यूएसने, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेने, मुंबईत आपला विभाग २०१६ मध्ये सुरू केला. क्लाउडमधलं नेटवर्क शिकायला लॅपटॉप पुरतो: एक व्हीपीसी (क्लाउडमधलं तुमचं खासगी नेटवर्क), दोन सबनेट, राउट टेबल, सिक्युरिटी ग्रुप, घरच्या राउटरपर्यंत व्हीपीएन. मात्र खातं उघडल्या दिवशीच बजेटचा इशारा लावून ठेवा. नॅट गेटवेसारख्या गोष्टी तासावर पैसे घेतात, आणि विसरून चालू राहिल्या तर बिल घरच्या कार्डावर येतं. डेटा सेंटरसाठी स्पाइन-लीफ रचना, व्हीएक्सलॅन आणि ईव्हीपीएन हे शब्द लागतील. कंटेनरलॅब नावाच्या मोफत साधनाने ते एका मशीनवर उभं करता येतं, पण रॅम १६ जीबी तरी हवी.

ऑटोमेशनला मी वेगळी शाखा धरत नाही. पायथन, अ‍ॅन्सिबल आणि गिट थोडं-थोडं सगळ्यांनाच लागतं. पन्नास स्विचवर एकच बदल हाताने करणारा माणूस आणि तो स्क्रिप्टने करणारा माणूस, दोघांनाही कामावर ठेवतील. पण पुढच्या वर्षी पगार कोणाचा वाढेल हे उघड आहे.

तिसरी पायरी: दोन शाखा निवडा आणि प्रत्येकीला एक महिना द्या

वर वाचताना दोन ठिकाणी तरी तुमचं लक्ष जास्त गेलं असेल. त्या दोनच घ्या. एकेका महिन्यात एक छोटं, पूर्ण होणारं काम करा. सर्व्हिस प्रोव्हायडर असेल तर जीएनएस३ या सरावाच्या साधनात मायक्रोटिकचा सीएचआर हा सॉफ्टवेअर राउटर घ्या. तो मोफत चालतो, फक्त वेग एका इंटरफेसला १ एमबीपीएस, शिकायला तेवढा पुरे. तीन राउटर जोडा, दोघांत ओएसपीएफ, तिसऱ्याशी बीजीपी, आणि मग एक दुवा तोडून ट्रॅफिक कुठून फिरतो ते बघा. सिक्युरिटी असेल तर पीएफसेन्स हा मोफत फायरवॉल व्हर्च्युअल मशीनवर टाका, दोन व्हीलॅन करा, एकातून दुसऱ्यात फक्त छपाई जाऊ द्या, आणि लॉग दुसऱ्या मशीनवर साठवा. फोर्टिनेट या फायरवॉल कंपनीचं स्वतः शिकायचं साहित्यही मोफत आहे. कारखान्यांकडे कल असेल तर मॉडबसचे मोफत सिम्युलेटर मिळतात. एक सर्व्हर, एक क्लायंट लावा आणि वायरशार्कमध्ये रजिस्टरची किंमत उघड्या डोळ्यांनी वाचा. पासवर्ड नसणं म्हणजे काय, ते त्या क्षणी पटेल.

महिना संपला की स्वतःला विचारा: बिघाड मुद्दाम तयार करून शोधायला मला आवडलं का? लॅब पहिल्या झटक्यात चालली तेव्हाचा आनंद कोणालाही होतो, तो मोजू नका. नाही चालली, रात्रीचे साडेअकरा झाले, आई दोनदा झोपायला सांगून गेली, तरी ‘एवढा एक पोर्ट बघतो’ म्हणून तुम्ही बसला होतात का? ज्या शाखेत बसला होतात, ती घ्या.

चौथी पायरी: राहायचं कुठे, हे मोकळेपणाने ठरवा

हा प्रश्न क्लासवाले विचारत नाहीत, घरचे मात्र रोज विचारतात. शेती बघायची आहे, आईवडिलांजवळ राहायचं आहे, असं असेल तर इंटरनेट पुरवठादार, कारखान्यांचं नेटवर्क, बँका-संस्थांचं काम आणि सीसीटीव्ही-वायरलेसचा स्वतःचा व्यवसाय या वाटा इथेच राहून चालतात. रेल्वेच्या सिग्नल आणि दूरसंचार विभागाच्या भरतीकडेही लक्ष ठेवा, भुसावळ हे मध्य रेल्वेच्या एका विभागाचं मुख्यालय आहे. क्लाउड, डेटा सेंटर, मोठ्या कंपनीची सिक्युरिटी हवी असेल तर निदान सुरुवातीची काही वर्षं बाहेर काढावी लागतील. घरून काम करण्याची संधी सहसा अनुभवी माणसाला मिळते, नवख्याला क्वचितच.

मुलींना घरून आणि कधी कधी कॉलेजातूनही सांगितलं जातं की फिल्डचं काम तुम्हाला जमणार नाही, ऑफिसचंच घ्या. हे ऐकून शाखा निवडू नका. पॉवर मीटर, स्प्लायसिंग, रॅकचं काम, सगळं शिकलेल्या हाताचं काम आहे, हात कोणाचा याने त्यात फरक पडत नाही. प्रवासाची आणि रात्रपाळीची सोय काय आहे, हे मुलाखतीत स्पष्ट विचारा. तो तुमचा हक्क आहे.

पाचवी पायरी: मग सर्टिफिकेट

शाखा ठरल्यावर, आणि शक्यतो नोकरी लागल्यावर, पुढच्या परीक्षेचा विचार करा. पुष्कळ कंपन्या परीक्षेची फी परत देतात. सिस्कोच्या सीसीएनपीमध्ये, म्हणजे सीसीएनएच्या वरच्या पायरीत, एक मुख्य पेपर आणि एक आवडीचा पेपर असतो. एंटरप्राइझचा मुख्य पेपर ३५०-४०१, सिक्युरिटीचा ३५०-७०१, सर्व्हिस प्रोव्हायडरचा ३५०-५०१. मुख्य पेपरची फी ४०० डॉलर आहे. सीसीएनए नसतानाही थेट देता येतो, पण नवख्याने तसं करू नये. गावातल्या इंटरनेटवाल्याकडे जायचं असेल तर मायक्रोटिकचं एमटीसीएनए हे प्रमाणपत्र जास्त उपयोगी पडेल.

दोन गोष्टींपासून लांब राहा. ‘नोकरीची हमी’ देऊन आधी सगळी फी घेणारा क्लास, आणि परीक्षेचे फुटलेले प्रश्न, ज्यांना सगळे डंप म्हणतात. डंप पाठ करून पास झालेला मुलगा मुलाखतीत ‘१६९.२५४ का आलं’ या प्रश्नाला अडतो, आणि तेव्हा समोरच्याला सगळं कळतं. शिवाय पकडलं गेलं तर प्रमाणपत्र रद्द होतं.

सहावी पायरी: पहिली नोकरी लागल्यावर

एक वही ठेवा. रोज सुटलेला एक बिघाड लिहायचा: तक्रार काय होती, पहिला अंदाज काय होता, कोणती तपासणी केली, कारण काय निघालं. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ वर जातो तेव्हा खांबावरच्या पेटीतले स्विच दुपारी अडकतात आणि संध्याकाळी आपोआप चालू होतात. अशी नोंद दोन-तीन वेळा आली की तुम्हीच मालकाला सांगाल, “आप्पा, पेटीला सावली आणि जाळी लावू, नाहीतर दरवर्षी स्विच बदलावे लागतील.” कोणत्याही शाखेत वरच्या जागी जायला हीच सवय लागते.

वर्ष-दोन वर्षांनी शाखा बदलावीशी वाटली तर बदला, पण वाटा बघून. एंटरप्राइझमधून सिक्युरिटीत किंवा क्लाउडमध्ये जाणं सोपं आहे, पाया तोच. इंटरनेट पुरवठादाराकडून डेटा सेंटरकडेही जाता येतं, कारण ईव्हीपीएन बीजीपीवरच चालतं. सॉकमधून राउटिंगकडे परत येणं जड जातं, हात सुटलेला असतो. कारखान्यांच्या शाखेतून बाहेर पडायची गरज सहसा वाटत नाही, पण पडायचं ठरवलं तर ओटी (कारखान्यातल्या यंत्रणांची) सिक्युरिटी हा पुढचा टप्पा सरळ आहे.

आणि बायोडेटा लिहाल तेव्हा ‘ओएसपीएफ, बीजीपी, व्हीलॅनचं ज्ञान’ अशी यादी करू नका, ती सगळ्यांचीच असते. वहीतले तीन बिघाड निवडा आणि प्रत्येकी दोन ओळींत लिहा: ‘एका पतसंस्थेच्या शाखेत फायबर तुटल्यावर ४जी लाइन सुरू व्हायची, पण व्हीपीएन जोडला जात नव्हता. कारण सिमवर सीजीनॅटचा पत्ता येत होता आणि मुख्य कार्यालयाचा राउटर फक्त ठरलेल्या पत्त्यावरूनच जोडणी स्वीकारत होता. जोडणी शाखेकडून सुरू होईल अशी करून आणि ओळख नावावरून पटवून सोडवलं.’ मुलाखत घेणारा या ओळीवर थांबेल आणि पुढचे प्रश्न तुम्हाला येणाऱ्या कामातलेच विचारेल.